एक्स-रेत न दिसलेले दुखणे

आमच्या घरात बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात घरातली औषधे असतात. मी एका खाजगी नर्सिंग होममध्ये आया म्हणून काम करते, पेशंट मला मावशी म्हणतात. त्यामुळे तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या आणून डब्यात ठेवायचे काम माझेच. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका रात्री ह्यांचे डोके दुखू लागले म्हणून मी डबा उघडला. महिनाही झाला नव्हता मला दोन पाकिटे आणून. वीस गोळ्या. त्यातल्या तीन उरल्या होत्या.

घरात कोणाला ताप आलेला नव्हता. थोरला कामाला बाहेरगावी. राहिलो आम्ही दोघे आणि धाकटी. मी दिव्याच्या उजेडात तिच्याकडे पाहिले. ती अंथरुणावर झोपली होती आणि तिने डावा पाय उशीवर ठेवला होता. गेले पंधरा-वीस दिवस ती तशीच झोपत होती. रोज दिसत होते, पण माझे लक्ष गेले ते त्या रात्री.

वाचक बंधू-भगिनींनो, मी काही लेखिका नाही. दहावीपर्यंत शिकले. पण आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आज मोठ्या संख्येने मैदानावर जातात. कबड्डी, धावणे, कुस्ती, बॉक्सिंग, भरतीची तयारी. त्यांच्या आईबापांना आमच्या घरात घडलेले सांगावे, म्हणून हे लिहायला बसले.

आमची धाकटी पंधराशे मीटर धावते. शाळेच्या क्रीडादिनात पहिली आली तेव्हा आठवीत होती. नंतर तालुका, मग जिल्हा. कपाटाच्या दाराला आतून तिने दोन फोटो चिकटवले आहेत. एक नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचा, जिने २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. दुसरा साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबरचा, जी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दोघी दुष्काळी, डोंगरी भागातल्या, गरिबाघरच्या. आमच्या पोरीला वाटे, त्यांना जमले तर मला का नाही.

आम्हालाही वाटे. आमचे हे बसवर ड्रायव्हर आहेत, तेही कंत्राटी. दर वेळी कंत्राट बदलले की घरात महिनाभर झोप लागत नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, हे ह्यांना कोणीतरी सांगितले. त्या दिवसापासून पोरीच्या धावण्याकडे घरात वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले. भिशी माझ्या नंबरावर आली तेव्हा त्यातून तिला खिळ्यांचे बूट आणि रस्त्यावर धावायचे बूट असे दोन जोड घेतले. हे चारचौघांत म्हणायचे, "पोरगी पोलिसात लागणार आमची." ती ऐकायची आणि मान खाली घालून हसायची.

त्या पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला म्हणून तिची बॅच डांबरी रस्त्यावर धावू लागली. राज्य स्पर्धेची निवड सप्टेंबरात होती. सरांनी अंतर वाढवले. महिन्याभरात आठवड्याचे धावणे जवळजवळ दुप्पट झाले. आणखी एक गोष्ट झाली, ती मला फार उशिरा कळली. सर सगळ्या मुलींना म्हणाले होते की वजन उतरले तर सेकंद उतरतात. तेव्हापासून ती दोन भाकऱ्यांच्या ठिकाणी एक खाऊ लागली. मी विचारले की म्हणे, "ग्राउंडवर केळं खाल्लं ग आई." मी समजले, खाल्ले असेल.

आता मागे वळून पाहिले की किती खुणा दिसतात! ती जिना उतरताना कठड्याला धरून आडवी उतरू लागली होती. नळाची कळशी उजव्या बाजूलाच घ्यायची. विहारात वंदनेला पंचांग प्रणाम करताना सगळ्यांच्या मागून खाली बसायची आणि मागून उठायची. अंगाला बामचा वास यायचा. मी म्हणायचे, मेहनत करते, दमते बिचारी.

आणि एक खूण अशी की ती सांगताना आजही मला लाज वाटते. घरात बाया आम्ही दोघी. महिन्याला पॅडची दोन पाकिटे लागायची. मार्चपासून एकच पुरू लागले. मी आई, मला त्याचा अर्थ कळायला हवा होता. पण मी मनात वाचलेल्या पैशांचा हिशेब केला आणि बरे वाटून घेतले.

गोळ्यांचा डबा उघडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला एकटीला गाठले. "पाय दुखतो का ग?" "नाही." "मग गोळ्या कोणी खाल्ल्या?" ती रडायला लागली. "थोडीशी कळ येते. निवड झाली की थांबते मी. बाबांना सांगू नको."

मी ह्यांना सांगितले. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक्स-रे काढायला लावला. एक्स-रे स्वच्छ आला. हाड शाबूत आहे, स्नायू आखडला असेल, शेक द्या, असे ते म्हणाले. ह्यांचा जीव भांड्यात पडला. "बघ, काही नाही. खेळाडू म्हटला की दुखणारच. आम्ही काय कमी कबड्डी खेळलो?" पोरगी माझ्याकडे बघत होती. तिच्या नडगीला मी रात्री हात लावला होता तेव्हा ती कशी दचकली होती, ते मला आठवत होते. पण कागदावर काही नाही म्हटल्यावर मी गप्प बसले. एवढी वर्षे दवाखान्यात काढूनही मी माझ्या हातापेक्षा त्या काळ्या फिल्मवर विश्वास ठेवला.

निवड स्पर्धेत ती दुसरी आली. राज्य स्पर्धेसाठी नाव लागले. ह्यांनी पेढे आणले. त्या रात्री दोन वाजता मला जाग आली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून चादरीचा बोळा दातांत धरून पडली होती. आवाज होऊ नये म्हणून.

सकाळी मी सुट्टी टाकली आणि तिला घेऊन पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात गेले. केस पेपर काढला, हाडांच्या ओपीडीत तीन तास बसलो. आत एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी पोरीशी बोलायला सुरुवात केली. "कुठे दुखते ते एका बोटाने दाखव." पोरीने नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभरावर, नेमके बोट ठेवले. "धावायला लागल्यावर दुखणे कमी होते की वाढते?" "आधी कमी व्हायचं. आता वाढतं." "रात्री?" "रात्री पण." "महिन्याभरात धावणे वाढवले का?" "हो." मग म्हणाल्या, "डाव्या पायावर लंगडी घाल बघू." लंगडी म्हणजे आमच्या पोरीचा लहानपणचा खेळ. तिने एक उडी मारली आणि टेबल धरले.

त्यानंतर त्यांनी विचारले, "पाळी शेवटची कधी आली होती?"

पोरगी माझ्याकडे बघेना. म्हणाली, "फेब्रुवारीत." तेव्हा सप्टेंबर चालू होता.

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मावशी, एक्स-रे खोटा नव्हता. तो लवकर काढला होता." मग त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते.

आपल्याला वाटते, हाड म्हणजे दगड. पण हाड जिवंत असते. रोजच्या चालण्या-धावण्याने त्यात बारीक बारीक झीज होते. शरीर तिथे आपले कामगार पाठवते. एक टोळी जुने हाड खणून काढते, दुसरी टोळी नवे भरते. आपल्या गल्लीतला रस्ता खणतात तसेच. मात्र खणण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते आणि भरण्याला तीन-तीन महिने लागतात. अशा अर्धवट खणलेल्या रस्त्यावरून वाहने दुप्पट सोडली तर काय होईल? खड्डा भेगाळत जाणार. नडगीत, पावलात, मांडीच्या खुब्याजवळ अशी केसाएवढी चीर पडते. कुठे आपटले नाही, पडले नाही, रक्त नाही, मोठी सूज नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. हाड नवी भर घालू लागले की मग एक्स-रेत पांढुरकी रेघ उमटते. कधी तेही होत नाही. एमआरआयमध्ये मात्र लवकर कळते.

हे दुखणे नवे नाही. मी नंतर विचारत, वाचत गेले तेव्हा कळले की १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात, हे लिहून ठेवले होते. तेव्हा एक्स-रेचा शोधच लागला नव्हता, तो १८९५ मध्ये लागला. त्या पायांतली हाडे चिरलेली असतात हे पुढे एक्स-रेनेच दाखवले. पण चाळीस वर्षे आधी एका डॉक्टरने सैनिकांची तक्रार ऐकली होती, त्यांचे पाय पाहिले होते, आणि ते ढोंग करतात असे म्हणून वाटेला लावले नव्हते. यंत्र नसतानाही दुखणे ओळखायला सुरुवात होते ती अशी.

आता पाळीचे. तेही याच दुखण्याचा भाग आहे. धावायला लागते तेवढे अन्न पोटात गेले नाही तर शरीर घर चालवणाऱ्या बाईसारखे वागते. पैसा कमी पडला की ती आधी उद्याचे खर्च थांबवते. शरीरही आज जगायला जे लागत नाही ते बंद करते. पाळी थांबते. मुलीच्या हाडाला बळ देणारे जे संप्रेरक असते तेही त्याबरोबर कमी होते. म्हणजे रस्ता खणलेला आणि भरायला डांबरच नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असे नाव दिले. सोप्या भाषेत, खेळाडूला होणारी ऊर्जेची उपासमार. ही मुलांनाही होते, फक्त मुलांत पाळीसारखी उघड खूण नसते. आणि मुलींच्या हाडांचा बहुतेक साठा अठरा वर्षांपर्यंतच भरतो. त्या वयात जे गेले ते पुढे भरून काढणे कठीण.

कित्येक मुलींना आणि त्यांच्या आयांना वाटते, खेळणाऱ्या मुलीची पाळी बंद होणे साहजिकच आहे, उलट सोयीचे आहे. ते साहजिक नाही. ती शरीराने मारलेली हाक आहे. अमेरिकेची मेरी केन ही धावपटू लहान वयात जगभर गाजली होती. तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले की वजन कमी करण्याच्या सक्तीत तिची तीन वर्षे पाळी आली नाही आणि पाच हाडे मोडली. तिथे पैसा होता, डॉक्टर होते, यंत्रे होती. तरी तिचे दुखणे झाकलेच गेले. याचा अर्थ केवळ गरिबीमुळे दुखणे लपते असे नाही. जिंकण्याची घाई जिथे असते तिथे ते लपते. आपल्याकडे त्या घाईत पोटापाण्याची काळजी मिसळलेली असते, एवढाच फरक.

एमआरआयला पालिकेच्या रुग्णालयात तीन आठवड्यांनी नंबर लागला. बाहेर काही हजार सांगत होते. डॉक्टर बाई म्हणाल्या, थांबा, पण आजपासून पाय मोडला आहे असेच समजून वागा. पोरीला कुबड्या दिल्या. एमआरआयचा रिपोर्ट आला, नडगीच्या हाडात चीर होती. आणखी पळाली असती तर हाड आरपार गेले असते.

राज्य स्पर्धा नोव्हेंबरात होती. तिचे नाव काढून दुसऱ्या मुलीचे घातले. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही. ह्यांनी सरांना फोन केला, वाद झाला, फोन ठेवला. मग पोरीवर ओरडले, "दुखत होतं तर तोंड नव्हतं का सांगायला?"

ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं होतं बाबा. तुम्ही म्हणालात, खेळाडूला दुखणारच." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही भिशी उचलली माझ्यासाठी. मी कसं सांगणार की पाय गेला?"

हे उठून बाहेर गेले. रात्री उशिरा आले आणि दारातच बसून मला म्हणाले, "मी पोरीकडे बघतच नव्हतो ग. मी त्या नोकरीकडे बघत होतो." नंतर त्यांनी पँट वर करून स्वतःचा उजवा गुडघा दाखवला. लग्नाआधी कबड्डीत तो पिळवटला होता. तासाभरात फुगला, आठ दिवसांत उतरला, एक्स-रेत काही नाही. मंडळातल्या पोरांनी रडका म्हणू नये म्हणून हे तसेच खेळत राहिले. तो गुडघा आजही जिना उतरताना निसटतो. तीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हते. बापाने झाकले, पोरीने झाकले. झाकायला शिकवले कोणी, तर आपणच.

तो वर्षावासाचा काळ होता. आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. कुबड्या घेऊन पोरगीही येऊन बसायची. एका संध्याकाळी अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची कथा आली. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. वाचन झाल्यावर भन्तेजींनी सांगितले की विनयपिटकातल्या महावग्गात या कथेच्या पुढे भगवंतांचा आणखी उपदेश आहे. कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे जाते, याचे त्यात पाच गुण दिले आहेत. त्यातला एक असा की रुग्णाने आपले दुखणे जसे आहे तसे सांगावे. वाढत असेल तर वाढते आहे, उतरत असेल तर उतरते आहे, तसेच असेल तर तसेच आहे. आणि सेवा करणाऱ्याचेही पाच गुण आहेत. त्यातला एक असा की त्याने मैत्रीच्या भावनेने सेवा करावी, काही मिळेल या आशेने नव्हे.

मी पोरीकडे पाहिले, तर ती आधीच माझ्याकडे पाहत होती. पहिला गुण तिला लागू होता, दुसरा आम्हाला. आम्ही तिला बूट दिले, दूध दिले, पण मनात नोकरीची आशा धरून दिले. ज्याच्याकडून आपल्याला काही हवे असते त्याचे दुखणे आपल्याला ऐकू येत नाही. मग तो तरी खरे कसे सांगणार? दोन्ही गुण एकमेकांना धरून आहेत.

आपल्या समाजात सोसण्याचे मोठे कौतुक आहे. माझी आजी खडी फोडायची. तिचे मनगट मोडले तरी तिने फडके बांधून काम केले, ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगत आलो. पण आजीला दुसरा मार्गच नव्हता. ती तिची निवड नव्हती. बाबासाहेबांनी आपल्याला सोसायला शिकवले नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूने भाषण केले आणि गरोदर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे असे मांडले. मजूरमंत्री असताना त्यांनी आणलेल्या विधेयकामुळे १९४६ मध्ये कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती ही आळशी माणसाची सवय नाही, राबणाऱ्या शरीराचा तो हक्क आहे, हे त्यांनी कायद्यात बसवले. तोच हक्क आपण आपल्या घरातल्या सतरा वर्षांच्या पोरीला नाकारावा काय?

दुखऱ्या पायाने जिंकणाऱ्यासाठी जग टाळ्या वाजवते. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या केरी स्ट्रग या मुलीने घोटा दुखावलेला असताना दुसरी उडी मारली. संघाला सुवर्ण मिळाले, तिला उचलून व्यासपीठावर नेले. नंतर गुणांची बेरीज केली तेव्हा दिसले की ती दुसरी उडी मारली नसती तरी सुवर्ण त्यांचेच होते. त्याच देशाची सिमोन बाइल्स २०२१ मध्ये टोकियोला मधेच थांबली. हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत याचा अंदाज जात होता, मान मोडण्याची भीती होती. पुष्कळांनी तिला भित्री म्हटले. २०२४ मध्ये पॅरिसला ती परत आली आणि तीन सुवर्णपदके घेऊन गेली. थांबणारा संपतो असे नाही.

आता आईबापांसाठी चार गोष्टी, ज्या मला डॉक्टर बाईंकडून आणि अनुभवातून कळल्या.

मुलाला "दुखतं का?" असे विचारू नका, उत्तर "नाही" असेच येते. "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव" असे विचारा. नडगीवर वीतभर पसरलेले दुखणे असेल तर बहुधा स्नायूची आणि हाडावरच्या आवरणाची कुरबुर असते, तीही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी हाड दुखत असेल, धावताना वाढत असेल, रात्री जागे करत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरकडे जा. धावणाऱ्या मुलाच्या जांघेत खोल दुखत असेल तर अजिबात वेळ काढू नका. खुब्याजवळची चीर सरकली तर मोठे ऑपरेशन होते.

कबड्डी, कुस्ती, फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचा गुडघा पिळवटून 'कट' असा आवाज आला आणि काही तासांत फुगला, तर आतला दोर तुटलेला असू शकतो. तो दोर एक्स-रेत दिसत नाही. सूज उतरली म्हणजे बरे झाले असे नव्हे.

डोक्याला मार लागून मूल गोंधळले, तेच तेच विचारू लागले, उलटी झाली, उजेड सहन होईना, तर त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू देऊ नका, तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी. लगेच डॉक्टरला दाखवा. तपासणीत फोटो स्वच्छ आला तरी मेंदूला धक्का बसलेला असू शकतो.

आणि एक्स-रे स्वच्छ आला पण दुखणे चालूच राहिले, तर पुन्हा जा. गोळी खाऊन खेळणे म्हणजे आग लागल्यावर घंटा बंद करण्यासारखे आहे. मुलींच्या आयांनी पाळीच्या तारखा कॅलेंडरवर मांडाव्यात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. वाढत्या वयाच्या खेळाडूला उपाशी ठेवू नये. महागडे डबे लागत नाहीत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी, अंडी, सुकट, डाळ, शेंगदाणे, तीळ ही आपल्या घरातलीच दौलत आहे. मात्र ती पोटभर हवी.

आमच्या पोरीच्या कुबड्या तीन आठवड्यांनी सुटल्या. तीन महिने ती धावली नाही. डिसेंबरात पाळी परत आली, तेव्हा तिने स्वतः येऊन मला सांगितले आणि आम्ही दोघी हसलो, नंतर रडलोही. मग एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, अशी तिने बाळासारखी सुरुवात केली. सरांशी ह्यांनी जाऊन बोलणे केले, भांडण नव्हे. आता त्या बॅचमध्ये कोणाचे वजन चारचौघांत काढत नाहीत, एवढे तरी झाले. मागच्या वर्षी ती राज्य स्पर्धेत धावली आणि पाचवी आली. नोकरी लागलेली नाही. लागेल किंवा नाही लागणार. बारावी मात्र चांगल्या मार्कांनी पास झाली आहे.

गेल्या आठवड्यात ती ग्राउंडवरून लवकर परत आली. हे जेवत होते. बूट काढता काढता म्हणाली, "बाबा, आज उजव्या टाचेत थोडं दुखलं. चार दिवस धावत नाही." हे उठले, तिच्यासमोर पाट सरकवला आणि म्हणाले, "बस. कुठं दुखतं ते एका बोटाने दाखव."

मी डबा उघडून गोळ्या मोजल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या.

जयभीम.